तडजोडीची घाई कुणाला, विलंबाचा लाभ कुणाला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या केला जातो. उपदेश करणारे आजोबा बहुधा बांधाच्या दाव्यात वीस-वीस वर्षे तारखा मोजून आलेले असतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला अनुभवाचे वजन असते. मात्र या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वादी आणि प्रतिवादी दोघेही हाडामांसाचे आहेत, दोघांचेही आयुष्य मोजके आहे आणि खटला लांबला तर दोघेही सारखेच थकणार आहेत, असे ती म्हण मानते. एका बाजूला खुबा निकामी झालेला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला १८८६ साली स्थापन झालेली बहुराष्ट्रीय कंपनी असा सामना असतो, तेव्हा हे गृहीतच कोसळते. कंपनीला सांधेदुखी होत नाही. कंपनीच्या मुलीचे लग्न अडत नाही. तारीख पुढे गेली की वादीचे आयुष्य एका तारखेने कमी होते आणि प्रतिवादीच्या ताळेबंदात ती रक्कम आणखी काही महिने व्याज मिळवत राहते.

कर्जत तालुक्यातील कळंब हे गाव डोळ्यांसमोर आणावे. नेरळहून आत गेलेल्या रस्त्यावरचे, भोवती ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या असलेले हे मोठे गाव. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठे दुखणे असेल तर कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि सांधा बदलण्यासारखी शस्त्रक्रिया असेल तर मुंबई. अशा गावातील एखाद्या शिक्षकाने वा दुकानदाराने पंधरा-वीस वर्षांपूर्वी आयुष्याची पुंजी खर्चून मुंबईत खुब्याचा सांधा बसवून घेतला आणि तो सांधाच सदोष निघाला, तर त्याने दाद मागायची कोठे? जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला. कर्जत, खोपोली, पेण असे टप्पे घेत, नीट बसताही न येणाऱ्या माणसाने तेथे पोहोचायचे. आणि समोर उभा राहणार कोण, तर जगातील अत्युत्तम वकिलांची फौज पदरी बाळगणारा उद्योगसमूह.

हे उदाहरण कल्पनेतले असले तरी त्यामागचे प्रकरण पूर्णपणे खरे आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू या कंपनीने ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा बाजारात आणला. जगभरात सुमारे ९३ हजार रुग्णांना तो बसवला गेला. धातूच्या घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून रक्तात मिसळू लागले, सांध्याभोवतीचे स्नायू व पेशी नासू लागल्या, आणि ठणठणीत होण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले. ब्रिटनच्या सांधेनोंदणीत पाच वर्षांच्या आत १२ ते १३ टक्के रुग्णांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसून आले. ऑस्ट्रेलियात हा सांधा २००९ च्या अखेरीस बाजारातून गेला. २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने जगभरातून तो मागे घेतला.

भारतात हे उपकरण २००६ पासून परवान्याने येत होते. येथे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये ते वापरले गेले. जगाने ते २०१० मध्ये नाकारले, पण आपल्याकडील आयात परवाना रद्द व्हायला २०१२ उजाडले आणि डॉक्टर व रुग्णांना सावध करणारी केंद्रीय सूचना निघायला २०१३ चा डिसेंबर. या साऱ्या सुस्तीत एकच अपवाद उठून दिसतो, तो महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा. महेश झगडे आयुक्त असताना या खात्याने कंपनीविरुद्ध मुंबईत पोलिसांकडे धाव घेतली. राज्याचे एक खाते जागे आहे आणि केंद्रातील यंत्रणा निवांत आहे, हे दृश्य तेव्हा अनेकांना खटकले होते.

अमेरिकेतील रुग्णांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथील हजारो दाव्यांपैकी संघीय न्यायालयांतील दावे ओहायो राज्यातील एका न्यायाधीशापुढे एकत्र करण्यात आले. कागदपत्रे एकदाच मागवायची, तज्ज्ञांच्या साक्षी एकदाच नोंदवायच्या आणि मग काही निवडक खटले कसोटीसाठी चालवायचे, अशी ती पद्धत आहे. या सांध्याचा पहिला खटला लॉस एंजेलिसच्या राज्य न्यायालयात चालला. मार्च २०१३ मध्ये तेथील ज्युरीने एका रुग्णाला ८३ लाख डॉलर देवविले. पुढच्याच महिन्यात शिकागोच्या ज्युरीने मात्र कंपनीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे वादींचा विजय निश्चित होता असे मुळीच नाही. पण दोन्ही निकालांनी एक गोष्ट साधली: पुढचा प्रत्येक खटला ही जुगाराची चाल आहे, हे कंपनीला आणि वादींना, दोघांनाही उमगले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. तेव्हाच्या दराने ही रक्कम १५ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. माघारीपासून तडजोडीपर्यंत लागला तो सव्वातीन वर्षांचा काळ.

त्याच सव्वातीन वर्षांत आपल्याकडे परवाना रद्द झाला होता, इतकेच.

भारतात तज्ज्ञ समिती नेमली गेली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये, माघारीनंतर साडेसहा वर्षांनी. डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने २०१८ च्या आरंभी अहवाल दिला. तो जनतेपुढे यायला त्याच वर्षाचा उत्तरार्ध लागला. समितीने प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये द्यावेत असे सुचविले. देशभरातून जेमतेम १,०८० रुग्ण कंपनीच्या मदतवाहिनीकडे नोंदले गेले आहेत, बाकीच्यांचा पत्ता नाही, ही बाबही याच समितीने उजेडात आणली. नोव्हेंबर २०१८ मध्ये शोधपत्रकारांनी जगभरातील सदोष उपकरणांचा पर्दाफाश केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वय व अपंगत्वाच्या प्रमाणावर आधारलेले भरपाईचे सूत्र मंजूर केले. त्यानुसार ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत रक्कम होत होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात भरपाईची तरतूदच नाही, मग सरकारने हे सूत्र कोणत्या अधिकारात काढले, हा तिचा मुख्य मुद्दा होता. मे २०१९ मध्ये तिने दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या ६७ पडताळलेल्या रुग्णांना, आपले सर्व आक्षेप कायम ठेवून, प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दाखविली.

४,७०० पैकी ६७. हा आकडा वाचताना क्षणभर थांबले पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने कंपनीचा आक्षेप पोकळ नव्हता, हे मान्य करणे भाग आहे. १९४० चा कायदा परकीय राजवटीत गोळ्या-औषधांसाठी झाला. धातूचा सांधा माणसाच्या शरीरात पंधरा वर्षे राहील आणि विष पाझरत राहील, अशी कल्पना त्या काळच्या मसुदाकारांनी केली नव्हती. वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियम २०१७ साली झाले आणि २०१८ पासून लागू झाले. सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली ती एप्रिल २०२० मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे ही पोकळी कोणालाच का दिसली नाही, हा प्रश्न एका पक्षाला किंवा एका सरकारला विचारून भागणार नाही.

अमेरिकेची आरतीही नको

परदेशातील आकडे पाहून आपल्याकडील काही मंडळी लगेच तेथील न्यायव्यवस्थेची आरती ओवाळू लागतात. त्यांनी त्याच समूहाच्या बेबी पावडरचे प्रकरण पाहावे. या पावडरीतील टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉसचा अंश असल्याने कर्करोग झाला, असा आरोप करणारे हजारो दावे अमेरिकेत दाखल झाले. कंपनीने आरोप सातत्याने नाकारला आहे. २०१८ मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने २२ महिलांना ४.६९ अब्ज डॉलर देवविले, अपिलात ते २.१ अब्जांवर आले आणि २०२१ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. मग समूहाने काय केले? ऑक्टोबर २०२१ मध्ये सारे टाल्क-दायित्व एका नव्या उपकंपनीत ओतले आणि तिला दिवाळखोरीच्या न्यायालयात उभे केले. मूळ समूह गडगंज, दिवाळखोर फक्त ही दोन दिवसांची पोर! दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच देशभरातील खटले थांबले.

अपिली न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हा डाव उधळला. एप्रिलमध्ये दुसरा अर्ज आला, सोबत ८.९ अब्ज डॉलरचा प्रस्ताव. जुलैमध्ये तोही फेटाळला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळ्या उपकंपनीच्या नावाने तिसरा अर्ज झाला आणि ३१ मार्च २०२५ रोजी टेक्सासमधील न्यायाधीशाने तोही नाकारला. साडेतीन वर्षे अशी गेली. कर्करोगाच्या रुग्णासाठी साडेतीन वर्षे म्हणजे काय, हे ज्या घराने तो रोग पाहिला आहे त्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रस्तावांचे आकडे वाढत होते हे खरे, पण अनेक वादी ते आकडे ऐकायला उरले नाहीत.

आपल्याकडेही याच पावडरीचा एक उपकथाभाग घडला. कर्जतची लोकल रोज ज्या मुलुंड स्थानकावरून जाते, त्या मुलुंडच्या कारखान्यात ही पावडर होत असे. पुणे व नाशिक येथून डिसेंबर २०१८ मध्ये नमुने घेतले गेले, सामू अर्थात पीएच मर्यादेबाहेर असल्याचा अहवाल २०१९ मध्ये आला, आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला सप्टेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचे आदेश रद्दबातल ठरविले आणि या विलंबाबद्दल खात्याला खडे बोल सुनावले. पावडर धोकादायक होती तर ती एवढा काळ बाळांच्या अंगाला का लागू दिली, आणि धोकादायक नव्हती तर कारखाना का बंद केला, या प्रश्नाला खात्याकडे उत्तर नव्हते. झगडे यांच्या काळात जे खाते इतरांआधी जागे झाले, त्याच खात्याची ही दुसरी बाजू.

भोपाळने काय शिकविले

सामूहिक इजेच्या खटल्यांचा विचार भोपाळला वळसा घालून करताच येत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर भारत सरकारने १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांचे दावे आपल्या हाती घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. तेथे एक विलक्षण दृश्य दिसले. भारतीय न्यायालये इतका मोठा खटला पेलू शकणार नाहीत, असे खुद्द भारत सरकार सांगत होते. तर ती समर्थ आहेत, असे प्रतिज्ञापत्र मुंबईचे विख्यात विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी युनियन कार्बाइडच्या बाजूने दिले. १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी दावा भारतात पाठविला. अमेरिकी ज्युरीचा धाक गेला, तेथेच तडजोडीची किंमत पडली.

तरीही एका भारतीय न्यायाधीशाने योग्य नस पकडली होती. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश म. वा. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये, मूळ दाव्याचा निकाल लागण्याआधीच, ३५० कोटी रुपये अंतरिम साहाय्य देण्याचा आदेश कार्बाइडला दिला. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ही रक्कम २५० कोटी केली, पण तत्त्व कायम राहिले. हा आदेश अमलात आला असता तर वेळ ही प्रतिवादीची शिल्लक न राहता त्याचा खर्च ठरली असती. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तेथे फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे ७१५ कोटी रुपयांवर, तडजोड झाली. मागणी होती ती ३.३ अब्ज डॉलरची. ज्यांच्या नावाने तडजोड झाली त्या पीडितांना कोणी विचारले नाही.

तडजोडीचा हिशेब सुमारे ३ हजार मृत्यू आणि लाखभर जखमी या अंदाजावर बेतला होता. पुढे साडेपाच लाखांहून अधिक दावे मान्य झाले. बहुसंख्य जखमींच्या हाती प्रथम पडले ते २५ हजार रुपये. रुपयाची घसरण व व्याज यांमुळे वाढलेली शिल्लक वाटण्याचा आदेश व्हायला २००४ साल उजाडले. फौजदारी खटल्याचा निकाल ७ जून २०१० रोजी लागला, शिक्षा दोन वर्षांची. अँडरसन तर ७ डिसेंबर १९८४ रोजी अटक होऊन त्याच दिवशी सरकारी विमानाने दिल्लीला रवाना झाला होता; २०१४ मध्ये तो अमेरिकेतच मरण पावला. २०१० च्या अखेरीस केंद्राने आणखी ७,८४४ कोटींसाठी फेरसुधार याचिका केली. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती फेटाळली. पीडितांसाठी विमा उतरविण्याचे १९९१ चे निर्देश सरकारनेच पाळले नाहीत, हेही न्यायालयाने त्या वेळी सुनावले. राज्यसंस्था पालक होऊन दावा हाती घेते, तेव्हा ती पालकासारखी वागतेच असे नाही. तशी तिला वागायला लावावे लागते.

याउलट, रस्त्यावरील अपघाताचे पाहावे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे खालापूर हद्दीत बोरघाटात, शिंगरोबाच्या मंदिराजवळ, गोरेगावच्या झांज पथकातील तरुणांना घेऊन जाणारी बस दरीत कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. अशा घरांचे दुःख मोजता येत नाही, पण त्यांच्यासाठी निदान वाट आखलेली आहे. मोटार वाहन कायद्याखाली दावा अपघातस्थळाच्या न्यायाधिकरणापुढे लावता येतो, तसाच आपल्या राहत्या जिल्ह्यातही. कोणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. त्याहून अधिक मागायचे तर वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या यांवरून रक्कम काढण्याचे कोष्टक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिले आहे. न्यायाधिकरणाला अर्जाच्या तारखेपासून व्याज देववता येते. म्हणूनच लोक अदालतीत हे दावे मिटतात. विमा कंपनीचा अधिकारी आणि वादीचा वकील, दोघांनाही अंतिम आकडा साधारण ठाऊक असतो आणि उशिराचे व्याज कोणाच्या खिशातून जाणार हेही. नव्या दुरुस्तीने दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत मात्र पुन्हा आणली आहे. घाटातून मृतदेह नेलेल्या कुटुंबाला ती फार तोकडी आहे.

मग बस उलटून खुबा मोडलेल्या माणसाला जे मिळते ते खुबाच विषारी निघालेल्या माणसाला का मिळू नये? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, सदोष वस्तूच्या उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले, हे मोठेच पाऊल आहे. जिल्हा आयोगाचा अधिकार आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतो, त्यामुळे मोठी भरपाई मागणाऱ्यालाही बहुधा दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एकत्र दावा लावता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्वतःहून आयोगापुढे जाऊ शकते, आणि त्या प्राधिकरणासाठीची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडेही देता येते. तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी असल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. आयोगांतील वास्तव वाचकांना ठाऊकच आहे.

खरी मेख अंतरिम आदेशाची आहे. तो अधिकार आयोगाला कायद्यानेच दिलेला आहे, पण भरपाईच्या दाव्यात तो वापरण्याची सवय लागलेली नाही. दोष उत्पादकाने स्वतःच मान्य करून वस्तू मागे घेतली आहे, इतके सिद्ध झाले तरी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, रक्ततपासणीचा आणि घरखर्चाचा काही भाग निकालाआधी देवविला जावा. म. वा. देवांनी दाखविलेली ही वाट कोणी पुसून टाकलेली नाही. सरकारनेही भरपाईचे सूत्र कायद्यातच घालावे, म्हणजे २०१८ प्रमाणे ते अधिकाराच्या मुद्द्यावर अडणार नाही. आणि तडजोड सरकारने करायची असेल तर बाधितांच्या प्रतिनिधींची संमती घेतल्याखेरीज तिच्यावर सही होऊ नये. वकिलाने निकालातून वाटा घेण्यास आपल्याकडे मनाई आहे. ती असावी, कारण अमेरिकेत तडजोडीचा मोठा हिस्सा वकिलांच्या घशात जातो. पण मग गरीब वादीचा खर्च विधी सेवा प्राधिकरणाने उचलला पाहिजे, आणि तो केवळ अर्ज लिहून देण्यापुरता नव्हे तर तज्ज्ञाची साक्ष मिळवून देण्यापर्यंत.

तोवर कुटुंबांनी काही गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात. सांधा, झडप वा स्टेंट शरीरात बसविला जातो, तेव्हा त्याच्या वेष्टणावर कंपनीचे नाव, प्रकार व अनुक्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. ती शस्त्रक्रियेच्या नोंदीत लावलेली असते. तिची प्रत मागून घ्यावी आणि रुग्णालयाच्या अंतिम कार्डासह, बिलासह घरी जपून ठेवावी. ग्राहक आयोगापुढील मुदत दोन वर्षांची आहे, पण दोष उशिरा उघड झाला असेल तर विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, हे सांगणारा वकील भेटेपर्यंत स्वस्थ बसू नये. समितीने एएसआरच्या रुग्णांची दुसरी शस्त्रक्रिया कंपनीच्या खर्चाने होत राहावी यासाठी ऑगस्ट २०२५ ही सीमा सुचविली होती. ती उलटून गेली आहे, आणि ज्या साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांचा पत्ता २०१८ मध्ये लागला नव्हता, त्यांच्या नोंदी मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांच्या दप्तरखान्यांतच असणार.